आजोबांचे गाव सापडते, आजीचे नाव सापडत नाही

बंगळुरूच्या पूर्वेला के. आर. पुरम म्हणजेच कृष्णराजपुरम आहे. मोठे रेल्वे स्टेशन, रुळांवरून गेलेला तारांच्या आधाराचा पूल आणि मार्च २०२३ पासून येथून व्हाइटफील्डकडे धावणारी मेट्रो, ही त्याची आजची ओळख. या मेट्रोने संगणक कंपन्यांत जाणाऱ्यांत नोकरीनिमित्त बंगळुरूला आलेली मराठी मुले-मुलीही असतात. ज्या व्हाइटफील्डला आपण रोज जातो ते नाव एका माणसाचे आहे, हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

डी. एस. व्हाइट हे मद्रासमधील अँग्लो-इंडियन समाजाचे पुढारी होते. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडेयर यांनी १८८२ मध्ये या समाजाच्या संघटनेला सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. कारकुनी, रेल्वे आणि तारखाते यांच्या नोकऱ्यांवरच विसंबून न राहता या कुटुंबांनी शेती करून स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा व्हाइट यांचा विचार होता. गोल रस्ता, भोवती बंगले आणि जवळच चर्च, असे ते टुमदार खेडे वसले. त्या मूळ वस्तीला आजही ‘इनर सर्कल’ म्हणतात.

या समाजाला ‘अँग्लो’ म्हणत असले, तरी त्यातील कित्येक आडनावे इंग्लंडची नाहीत. मर्फी, केली, ओब्रायन, डॉयल ही आडनावे आयर्लंडची. ती दक्षिण भारतात आली कशी आणि त्यांचे मूळ शोधू पाहणाऱ्याला काय सापडते, ही हकिकत आपली वंशावळ लिहायला बसणाऱ्या मराठी माणसालाही बरेच काही शिकवून जाते.

पोटासाठी पत्करलेली बंदूक

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजांनी आपली फौज श्रीरंगपट्टणला ठेवली. पण तेथील हिवतापाने सैनिक पटापट दगावू लागले, म्हणून १८०९ मध्ये बंगळुरूला छावणी वसवण्यात आली. या फौजेतील गोरे शिपाई सगळे इंग्रज नव्हते. आयर्लंडमध्ये त्या काळी जमीन जमीनदारांची आणि खंड भरायचा कुळांनी, अशी स्थिती होती. गरीब घरातील तरुणाला पोट भरण्यासाठी लष्कर हा एक हमखास मार्ग वाटे. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातील दर पाच शिपायांपैकी जवळजवळ दोघे आयरिश होते. पुढे १८४५ नंतर बटाट्याचे पीक सडून तेथे भीषण दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही आयरिशांचा मोठा भरणा होता. मद्रास फ्युजिलियर्स आणि बॉम्बे फ्युजिलियर्स या दोन जुन्या पलटणी १८८१ मध्ये एकत्र करून त्यांना ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ असे नाव देण्यात आले. बंगळुरूच्या ब्रिगेड रोडजवळचे सेंट पॅट्रिक चर्च आयर्लंडच्या संतांचे नाव मिरवते ते याच शिपायांमुळे.

या शिपायांपैकी काही परत गेले, काही येथील मातीत मिळाले आणि काहींनी येथेच संसार थाटले. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आता ‘आपण मूळचे कुठले?’ असे विचारू लागली आहेत. काहींच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ हौसेचा नसतो. आजोबा किंवा आजी आयर्लंडमध्ये जन्मल्याचे सिद्ध झाले, तर आयर्लंडचा कायदा नातवाला नागरिकत्व मिळवण्याची वाट देतो.

वही आणि दगड

हा शोध घरापासून सुरू होतो. जुनी पत्रे, लग्नाचा दाखला, बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या मुलांच्या जन्मतारखा. त्यानंतर चर्चची वही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशा तीन नोंदी पाद्री ठेवत आणि त्यांच्या प्रती इलाख्याच्या ठिकाणाहून लंडनला जात. मद्रास इलाख्याच्या अशा नोंदी १६९८ पासूनच्या आणि मुंबई इलाख्याच्या १७०९ पासूनच्या आहेत. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून बऱ्याचशा इंटरनेटवरही पाहता येतात. बंगळुरूच्या छावणीचे कागद शोधायचे तर मद्रासच्या नोंदींत, ही खूणगाठ आधी बांधावी लागते.

मग दफनभूमीतील दगड. वहीत नुसते नाव आणि तारीख असते. दगडावर कधी पलटण, कधी हुद्दा, तर कधी आयर्लंडमधील परगण्याचे नावही कोरलेले आढळते. ज्युलियन जेम्स कॉटन यांनी १९०५ मध्ये मद्रास इलाख्यातील थडग्यांवरील लेखांची मोठी यादी छापली. तेव्हापासून पावसाने अक्षरे पुसली, दगड फुटले, काही जागी रस्ते रुंद झाले. अशा वेळी छापील यादीच कामी येते. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेली एक संस्थाही दक्षिण आशियातील अशा दफनभूमींच्या नोंदी जमवते. पण दगड खर्चाचा असतो. साध्या शिपायाचे थडगे बहुधा बिनदगडाचेच, नाहीतर सोबत्यांनी वर्गणी काढून उभारलेले.

समुद्रापलीकडे शोध अधिकच अवघड होतो. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळाला आणि कित्येक शतकांचे कागद राख झाले. १८६१ ते १८९१ च्या जनगणनेचे कागद तर सरकारने त्याआधीच नष्ट केले होते. वाचल्या त्या मुख्यतः कॅथलिक चर्चच्या वह्या, कारण त्या राजधानीत नव्हत्या, ज्या त्या गावच्या पाद्र्याकडे होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. कित्येक नोंदी लॅटिनमध्ये आहेत. त्यामुळे घरातला जेम्स तेथे ‘याकोबुस’ म्हणून भेटतो. देशात ६० हजारांहून अधिक लहान-लहान वाड्या आहेत आणि एकेका तालुक्यात त्याच नावाची, त्याच आडनावाची माणसे डझनांनी. म्हणून नुसते नाव पुरत नाही, मूळ गावही लागते. शिपायाच्या पेन्शनच्या कागदात जन्मगावाची नोंद असते. ती हाती लागली की निम्मे काम झाले.

मेरी कोण होती?

इतके कष्ट घेतल्यावर आजोबांचे गाव कधीकधी सापडते. पणजीचे काय? बंगळुरूला किंवा मद्रासला संसार थाटलेल्या शिपायाची बायको पुष्कळदा येथलीच असे. १६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी मद्रासला कळवले होते, की सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने करावीत आणि अशा लग्नातील मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला एक होन द्यावा असा विचार आहे. शंभर वर्षांत वारे फिरले. १७९१ मध्ये आई किंवा वडील भारतीय असलेल्यांना कंपनीच्या वरिष्ठ मुलकी व लष्करी नोकऱ्यांची दारे बंद झाली. मग आईचे नाव सांगणेच मुलाच्या नुकसानीचे ठरू लागले.

वह्यांतही तिला जागा अपुरीच होती. कॅथलिक पाद्री बहुधा आईचे माहेरचे आडनाव लिहीत. इंग्रजी चर्चच्या ठरावीक रकान्यांत मात्र वडिलांचे पूर्ण नाव आणि हुद्दा येई, आईचे फक्त पहिले नाव. तेही बाप्तिस्म्यानंतर मिळालेले, मेरी किंवा ॲन. ती मूळची तमिळ, तेलुगू की कन्नड, मुंबई इलाख्यात असेल तर मराठी, हे त्यावरून समजत नाही. काही जुन्या नोंदींत तर ‘एतद्देशीय स्त्री’ एवढेच लिहिलेले आढळते. इतिहासकार दुर्बा घोष यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात अशा बिननावाच्या स्त्रियांचा सविस्तर मागोवा घेतला आहे.

कायद्यानेही तीच रीत पुढे चालवली. भारतीय राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमातील अँग्लो-इंडियन व्यक्तीची व्याख्या वडिलांकडून, पुरुषांच्या वंशातूनच मोजली जाते. म्हणजे ज्या घरात आई पिढ्यान्‌पिढ्या भारतीय असेल, त्या घराचीही ओळख समुद्रापलीकडून आलेल्या एका पुरुषावरून ठरते. आता डीएनए चाचणीने आई, आजी, पणजी या साखळीचा उगम साधारण कोणत्या प्रदेशातला हे समजू शकते. पण चाचणी नाव सांगत नाही.

आपल्या घरचे पान

हे वाचून इंग्रजांना नावे ठेवण्याआधी आपल्या वंशावळीकडेही पाहायला हवे. बंगळुरूशी मराठी माणसाचे नाते शहाजीराजांच्या जहागिरीपासूनचे. त्यांच्याच वंशातील दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगताच पणजोबांचे हस्ताक्षर समोर येते. इतकी पक्की परंपरा आपल्याजवळ आहे. पण वंशवृक्षाच्या फांद्यांवर लेकी बहुधा नसतात. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी होते आणि तिचा धागा तेथेच तुटतो. गावोगावच्या सतीशिळांवर बांगड्यांनी भरलेला हात असतो, नाव क्वचितच.

आता वारे पुन्हा फिरत आहेत. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला आहे. अलीकडच्या काही कुलवृत्तांतांतही लेकींच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. पण सरकारचा नियम मागच्या पिढ्यांना लागू होत नाही. ते काम घरच्यांनाच करावे लागेल.

त्यासाठी लंडनला जायला नको. घरातील सर्वांत वयस्क आजी, आत्या किंवा मावशीजवळ वही घेऊन बसावे आणि प्रत्येक सासुरवाशिणीची चार गोष्टींची नोंद करावी: माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, माहेरचे गाव आणि तिच्या आईचे नाव. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीखही खाली घालावी, म्हणजे पुढे शंका आली तर ताडून पाहता येते. आजी आहे तोवर हे तासाभराचे काम आहे. ती गेल्यावर मात्र कोणत्याही दप्तरखान्यात ते सापडणार नाही.