वही जुळली, तरी नोंद वाचा



पाचगणीच्या शाळा-हॉटेलांत राबणाऱ्या आपल्या घरांतली मुले आता संगणक शिकू लागली आहेत. त्यांनी लिहिलेले प्रोग्राम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले, तर त्यात कुणी फेरफार केला नाही हे कसे ओळखावे?

हिशेबाच्या वहीत मागील पानाची बेरीज पुढे ओढतात. मागची एक रक्कम बदलली की पुढची प्रत्येक बेरीज चुकते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली असेच काम करते. प्रत्येक नोंदीला मजकुरावरून काढलेला, साधारणपणे ४० अक्षरांचा ठसा असतो. त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही धरलेला असतो. ‘गिट एफ-एस-सी-के’ ही आज्ञा सर्व ठसे पुन्हा काढून ताडून पाहते. २०११ मध्ये लिनक्सच्या मुख्य सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले. पण प्रती असंख्य लोकांकडे होत्या, म्हणून जुनी नोंद गुपचूप बदलणे शक्य नव्हते.

पण नवीनच खोटी नोंद केली तर? बेरीज जुळतेच! मार्च २०२१ मध्ये ‘पीएचपी’ या संगणकभाषेच्या स्वतःच्या सर्व्हरवर, तिचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांच्याच नावाने घातक मजकूर घुसवला गेला. वर शेरा होता, ‘अक्षराची चूक दुरुस्त केली’. काही तासांतच तो पकडला गेला, कारण सहकाऱ्यांनी नोंद उघडून वाचली.

तेव्हा मुलांनो, ठसे नेमाने तपासा, एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा, नोंदीवर डिजिटल सही करा. आणि नाव कितीही मोठे असो, वाचल्याशिवाय नोंद स्वीकारू नका.