पाणी, उष्णता आणि घरातला संगणक

वैशाखाचा ताप चढू लागला की आमच्या वडोदऱ्यात माणसांबरोबर यंत्रेही त्रासतात. संगणकाचा पंखा घोंघावू लागतो, आणि घरातील जिज्ञासू तरुणाच्या मनात हटकून एक विचार येतो: मोटारीचे इंजिन पाण्याने थंड राहते, तर हे यंत्र का राहू नये? थोड्या पैशांत, घरच्या घरी अशी योजना उभारता येईल काय, असे काही वाचकांनी ह्या सदराला विचारले आहे. धर्मगुरूने नळ्यांत आणि पंपांत का पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच सांगतो की, १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमला, तो हातांनी होणाऱ्या कामाचा मान राखण्यासाठीच.

कल्पना नवी नव्हे. १९८० साली आय.बी.एम. कंपनीने जाहीर केलेल्या ३०८१ ह्या अवाढव्य संगणकात पाणी खेळवलेले होते. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सारी यंत्रणाच वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवली होती. घरगुती संगणकावर असे प्रयोग करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकाच्या अखेरीस बळावला. मोटारीतील हीटरचा छोटा रेडिएटर, मासे पाळण्याच्या काचपेटीचा पंप आणि तांब्याचा एक ठोकळा, एवढ्या सामग्रीवर अनेकांनी आपले काम भागवले.

परंतु आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उष्णता नाहीशी करीत नाही; ते हमालासारखे तिला एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. हमाल मात्र मोठा समर्थ आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पाणी वाहून नेते. संगणकाचा प्रोसेसर जोरात काम करताना १०० वॅट उष्णता टाकतो असे धरू. म्हणजे दर सेकंदास १०० जूल. एक लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे ४,१८६ जूल लागतात. तेव्हा मिनिटाला एकच लिटर पाणी ठोकळ्यातून वाहिले तरी ते जेमतेम दीड अंश तापून बाहेर पडेल. यावरून उघड आहे की फार दांडगा पंप लागत नाही.

'मग रेडिएटर कशाला? बादलीभर पाणी फिरवत ठेवू,' असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू. २० लिटरची बादली चौदा मिनिटांत एक अंश तापते. तासाभरात सव्वाचार अंश. पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता सोडली, तर आठ तासांच्या कामात चौतीस अंश! सकाळी थंड असलेली बादली सायंकाळी स्नानाच्या उपयोगी पडेल, संगणकाच्या नव्हे. म्हणून रेडिएटर हवाच. आणि रेडिएटर उष्णता टाकतो ती खोलीतल्या हवेत. खोली ४० अंशांवर असेल, तर नळीतले पाणी ४० च्या खाली कदापि येणार नाही.

येथे आपल्या घरातला माठ आठवतो. माठातले पाणी भोवतालच्या हवेहून थंड होते, कारण पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० जूल लागतात. म्हणजे आपले १०० वॅट घालवण्यास तासाला दीडशे ग्रॅम, पेलाभर पाणी उडाले पाहिजे. तुमचा माठ दिवसभरात किती पाणी उडवतो ते एकदा मोजून पाहा, म्हणजे माठात नळीचे वेटोळे सोडून भागेल की नाही हे आपोआप कळेल. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या कूलरच्या रीतीने हे साधते. पण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, ते ठोकळ्याच्या बारीक वाटांत साचतात. शिवाय आषाढ-श्रावणात दमट हवेपुढे ही युक्ती हात टेकते. बर्फ टाकण्याचा मोह तर कोणी धरूच नये. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून घाम सुटतो तसा तो नळ्यांना सुटेल, आणि थेंब मदरबोर्डावर पडतील.

आता एका घरची गोष्ट सांगतो. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात एकच संगणक आहे. थोरली मुलगी त्यावर दोन दुकानांची हिशेबवही सांभाळते आणि त्या पैशांतून घरभाडे जाते. धाकट्याने तोच उघडून त्यात पाणी खेळवण्याचा बेत केला. आई मजकडे आली. "फादर, हा पोरगा यंत्रात पाणी घालतो म्हणतो. तुम्हीच सांगा त्याला." मुलगा म्हणाला, "फादर, गळणार नाही, मी सगळे पाहून ठेवले आहे." त्याची ताई तेवढी गप्प होती, आणि मला तिचे गप्प राहणेच अधिक बोलके वाटले. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू लूकच्या १४ व्या अध्यायात सांगतो. ह्या मुलाने नळीचा, पंपाचा, रेडिएटरचा हिशेब चोख केला होता; ताईच्या महिन्याभराच्या कामाची किंमत मात्र त्यात कोठेच धरलेली नव्हती. मी त्याला म्हटले, "बाळ, प्रयोग अवश्य कर, पण ताईच्या भाकरीवर नको. भंगारातला जुना संगणक आण." ताईच्या संगणकाची धूळ काढून, प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसून नवा लावला, तेवढ्यानेच त्याचा घोंघाट निम्म्यावर आला.

खरे सांगायचे तर पैसा वाचवणे एवढाच हेतू असेल, तर हवेने थंड करणारा चांगला मोठा पंखाच घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि गळत नाही. घरच्या योजनेचे मोल शिकण्यात आहे, आणि मोठ्या रेडिएटरवर पंखा संथ फिरवता येत असल्याने लाभणाऱ्या शांततेत.

ज्यांना करायचेच आहे त्यांनी धातूंकडे आधी लक्ष द्यावे. तांब्याचा ठोकळा आणि अल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडले, तर अल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. जुन्या बाजारात तांब्या-पितळेचा हीटर शोधावा. संशय असेल तर कोपरा खरवडून रंग पाहावा. ठोकळा तांबटाकडून करून घ्यावा, सांध्यांना डाख पक्का हवा, आणि प्रोसेसरला टेकणारी बाजू काचेवर पॉलिशकागद ठेवून घासून सपाट करावी. कूलरचा स्वस्त पंप घरच्या २३० व्होल्टांवर चालतो. त्याचे आवरण फुटले तर सारे पाणीच विजेचे होते. संगणकाच्याच १२ व्होल्टांवर चालणारा पंप थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. नळाचे पाणी घालू नये. मोटारीच्या बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे आणि गंज रोखणारे मोटारीचे कूलंट त्यात मिसळावे. हे कूलंट बहुधा विषारी असते आणि चवीला गोडसर लागते. लहान मुले व मांजरे ह्यांच्या वाटेत ते ठेवू नये.

सर्व जोडल्यावर संगणकाला वीज न देता केवळ पंप पूर्ण एक दिवस-रात्र चालवावा आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. आमच्या मुलाचा कागद पहिल्या रात्री दोन ठिकाणी ओला झाला. त्याने नळीची टोके सरळ कापून कसण्याच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या. तिसऱ्या रात्री कागद कोरडा निघाला. आता भंगारातला तो संगणक चालतो. नळीच्या भिंतीतूनही पाणी अगदी सावकाश उडून जाते, म्हणून तो महिन्यातून एकदा टाकीची पातळी पाहतो, आणि शेवाळ धरू नये म्हणून टाकीवर काळे कापड घालतो.