'डिजिटल अटक' आणि कुटुंबाचे कवच

'डिजिटल अटक' असा प्रकार भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये ही गोष्ट नि:संदिग्ध शब्दांत सांगितली होती. तरीही सुशिक्षित, निवृत्त माणसे या सापळ्यात आयुष्यभराची पुंजी गमावतात, असे का व्हावे?

एक कारण उघड आहे. ठगाजवळ आपले नाव, पत्ता, कधी आधार क्रमांकही आधीच असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले, २०२३ साली संसदेने कायदाही केला. परंतु दुकानाच्या नोंदवहीत आपणच बिनदिक्कत लिहून दिलेल्या माहितीचे काय?

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. व्हिडिओ कॉलवरील तोतया पोलिसाची पहिली अट, घरात कुणाला सांगायचे नाही, ही असते. त्याची सारी भिस्त वृद्धांच्या एकटेपणावर असते. आईवडिलांच्या हाती स्मार्टफोन दिला की मुलांचे कर्तव्य संपत नाही. रोजचा मोकळा संवाद असेल, तर ही अट पहिल्याच दिवशी मोडेल.

असा फोन येताच तो बंद करावा, घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब झाला की रक्कम रोखणे दुरापास्त होते. कायद्याचे संरक्षण शासन देईल, धीर मात्र कुटुंबानेच द्यायचा आहे.