वह्या वाटण्याआधी विचारा

जून आला की आपल्या वस्त्यांत वह्यावाटपाचे बॅनर लागतात. दहावीचा निकाल लागला की गुणगौरव समारंभ. दोन्ही कार्यक्रम चांगलेच आहेत. पण उर्दू शाळेतून सातवी-आठवी झालेली मुलगी नववीच्या वर्गात का दिसली नाही, हे त्या व्यासपीठावरून सहसा कुणी विचारत नाही. ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेतच गेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती, असे सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले. हा आकडा आपण भाषणांत अजूनही वापरतो. शाळा सुटलेल्या मुलीच्या घरी जाऊन तिचे ऐकणारे मात्र थोडेच.

'डिझाइन थिंकिंग' हा शब्द तरुणांच्या कानावर येतो तो बहुधा कंपन्यांच्या कार्यशाळांतून, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांसकट. चिठ्ठ्या सोडून द्या. ज्याला अडचण आहे त्याच्यापासून सुरुवात करायची, उपाय आधी लहान आणि स्वस्त स्वरूपात करून पाहायचा, जमला नाही तर बदलायचा, एवढीच ती पद्धत.

शाळेत ती कशी दिसते, हे अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेत पाहायला मिळते. किरण बीर सेठी या डिझायनर बाईंनी ती २००१ मध्ये सुरू केली. बालहक्कांचा धडा शिकवताना तिथे पाचवीच्या मुलांना अगरबत्त्या वळायला बसवले, तब्बल आठ तास. पाठ मोडून आली तेव्हा बालमजुरी म्हणजे काय ते मुलांना कळले आणि ती शहरातल्या लोकांना पटवायला बाहेर पडली. २००९ मध्ये सेठींनी 'डिझाइन फॉर चेंज' हा उपक्रम सुरू केला. त्याच्या पायऱ्या चारच: अनुभवा, कल्पना करा, करा, सांगा. रिव्हरसाइड खासगी शाळा आहे, आपल्या नगरपालिकेच्या शाळेशी तिची तुलना नको. पण पहिल्या पायरीला फी लागत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यातली शाळा घ्या. उर्दू शाळा आठवीला संपते आणि पुढे मराठी माध्यम. मुलीने शाळा सोडली की आपण झटकन म्हणतो, घरच्यांनी बसवली. कधी ते खरेही असते. पण तिलाच विचारले तर कदाचित ती गणिताचे पुस्तक पुढे करील. काल जो मुसल्लस होता तो आज त्रिकोण झाला आहे, आणि कसरचा अपूर्णांक. (मराठीत कसर म्हणजे उणीव, नाहीतर पुस्तकाला लागणारी कीड!) हुशार मुलगी महिनाभर गप्प बसते, मग तिला वाटते आपल्यालाच येत नाही. कारण हे निघाले, तर उपाय मेळाव्याचा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या दोन-तीन मुलींनी गणित-विज्ञानाच्या शंभर शब्दांची उर्दू-मराठी यादी करावी, पाच मुलींबरोबर वापरून पाहावी. पाचही जणींनी नाक मुरडले तर यादी फाडा. छापून वाटायची घाई नको. दुसऱ्या गावात कारण वेगळे निघेल: संध्याकाळचा रस्ता, एसटीची वेळ, कडी नसलेले स्वच्छतागृह.

ही कारणे मांडायला जागाही आहे. शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. तुमच्या अम्मी किंवा खाला त्यावर असतील, तर सह्यांपलीकडे त्यांना तिथे काय बोलू देतात, हे एकदा विचारून पाहा.

एक धोका आहे. मुलांच्या कल्पकतेचे कौतुक करता करता सरकारची जबाबदारी हळूच वस्तीच्या गळ्यात टाकली जाते. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असेल तर शब्दांची यादी ती भरून काढणार नाही. त्यासाठी अर्ज, पाठपुरावा आणि वेळ पडली तर मोर्चाच. त्या अर्जाला मुलींनी स्वतः सांगितलेली कारणे, तारखेनिशी, जोडता येतील.