मठवाशांच्या बिअरचा दाखला

स्नानसंस्काराची मेजवानी असो वा लग्नाची, बाटल्यांच्या संख्येविषयी कोणी चकार शब्द काढला की एक ठरलेले उत्तर ऐकावे लागते: "मठवासी स्वतः बिअर करीत होते, तुम्ही कोण आम्हाला सांगणारे?" अलीकडे या उत्तराला वेल्सचा दाखला जोडला जातो. उलट, व्यसनमुक्तीसाठी कळकळीने झटणारे आमचे काही बंधू त्याच वेल्सचे नाव घेऊन म्हणतात की, त्या देशाने रविवारी दारूची दुकाने बंद केली, आपणही तसाच ठराव करावा. हे दोन्ही दाखले आम्हांस मान्य नाहीत.

वेल्समध्ये बिअर फार पुरातन आहे, हे खरेच. इ. स. ६९० च्या सुमारास वेसेक्सचा राजा आयनी याने केलेल्या कायद्यात जमिनीच्या साऱ्यात मध आणि भाकरी यांबरोबर 'वेल्श एल'ची १२ मापे मोजून घेतलेली दिसतात. दहाव्या शतकातील हवेल राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात मधापासून केलेल्या मद्याला पहिला मान, मध व मसाला घातलेल्या 'ब्रॅगॉड'ला दुसरा आणि साध्या बिअरला शेवटचा. या साध्या बिअरला वेल्श भाषेत 'कुरू' म्हणतात. टिंटर्न (११३१) आणि स्ट्राटा फ्लोरिडा (११६४) येथील सिस्टरशियन मठ संत बेनेडिक्टच्या नियमाने चालत. त्या नियमाचे चाळिसावे प्रकरण आमच्या दाखलेबाजांनी एकदा तरी वाचावे. मठवाशाने खरे तर द्राक्षारस घेऊच नये, पण हे आजच्या मठवाशांना पटवता येत नाही, म्हणून दिवसाला एक ठरावीक माप, तेही तृप्तीपर्यंत नव्हे, असे संत तेथे काहीशा खेदाने सांगतात. जेथे द्राक्षे पिकत नाहीत तेथे बिअर आली, पण माप सुटले नाही. आणि वेल्सचा आश्रयदाता संत कोण? संत डेव्हिड, ज्यांचा सण १ मार्चला येतो. त्यांचे बिरुदच 'जलपायी'! अकराव्या शतकाच्या अखेरीस रिगिवार्खने लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातले मठवासी बैलांऐवजी स्वतः नांगर ओढतात आणि भाकरी व पाण्यावर राहतात. मठवाशांचा आधार घेणाऱ्यांनी तो कोणत्या मठवाशांचा, हेही सांगावे.

माप सुटले ते मठ बंद पडल्यावर पुष्कळ काळाने. १८३० च्या बिअर कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थाला बिअर करण्याचा व विकण्याचा परवाना मिळू लागला. मर्थर टिडफिलसारख्या लोखंडाच्या गावात गल्लोगल्ली बिअरची घरे उघडली. भट्टीपुढे घामाने निथळणाऱ्या कामगाराची तहान खरी होती, आणि पाणी इतके घाण की १८४९ च्या पटकीने त्या एका गावात हजारावर माणसे नेली. अशा माणसाला केवळ नीती शिकविणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते. १८४७ साली मात्र तेच झाले. वेल्श भाषा न जाणणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी शिक्षणाचा अहवाल लिहिला आणि त्यात एका संपूर्ण समाजाला अनीतिमान व दारूबाज ठरविले. हिंदी चित्रपटातला हातात बाटली घेतलेला 'ख्रिश्चन' ज्यांनी मान खाली घालून पाहिला आहे, त्यांना या जखमेची ठणक वेगळी सांगावयास नको.

मद्यनिषेधाच्या चळवळीला या अपमानाने नवी धार आली, आणि १८८१ साली वेल्सपुरता स्वतंत्र कायदा होऊन रविवारी सारी मद्यालये बंद झाली. काही घरांतले रविवार त्यामुळे शांत गेले असतील. आम्ही ते नाकारीत नाही. पण रात्रीच्या मुक्कामापासून तीन मैल दूर आलेला माणूस कायद्याने 'प्रवासी' ठरे, आणि प्रवाशाला पेय देण्याची मुभा होती. तेव्हा तहानेली मंडळी तीन मैल चालू लागली! कार्डिफमध्ये खासगी क्लब निघाले. ग्रेंजटाऊनच्या चिकणमातीच्या खाणीत उघड्यावर पिंपे मांडून लोक पीत, आणि त्या जागेला थट्टेने 'होटेल द मार्ल' म्हणत. पुढे १९६१ च्या कायद्याने जिल्हावार मतदान सुरू झाले, आणि ड्वीव्हॉर हा शेवटचा कोरडा भाग १९९६ साली उघडला.

या सोवळेपणाच्या ओघात वेल्श खेड्यांतली एक चांगली रीत मात्र दोषी ठरली. 'कुरू बाख', म्हणजे छोटी बिअर, अशी ती रीत. अडचणीत आलेल्या कुटुंबाने घरी बिअर आंबवायची, शेजाऱ्यांनी जमून ती विकत घ्यायची, आणि त्या पैशातून त्या घराची नड भागायची. कायद्याच्या लेखी हा विनापरवाना धंदा, चॅपलच्या लेखी पाप. शेजाऱ्याला न लाजवता मदत करण्याची युक्ती त्यात होती, हे कोणी पाहिले नाही.

आमच्याकडे निराळे काय घडले? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आमच्याच वस्त्यांत मागील दारी भट्ट्या लागल्या, आणि 'आंटी' या मायेच्या शब्दाला अड्ड्याचा वास आला. चित्रपटातल्या त्या बाटलीचा उगम थोडाबहुत या बंदीतही आहे, हे ठराव मांडणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आमच्या माहितीतल्या एका धर्मग्रामात व्यसनमुक्त होऊ पाहणाऱ्यांचा एक गट शनिवारी संध्याकाळी जमतो. आठ-दहा माणसे, एखाददुसऱ्याबरोबर त्याची पत्नी. सभागृह लग्नाच्या मेजवानीला भाड्याने गेले की त्यांना बाहेर ओट्यावर बसावे लागते, आणि आतून पेल्यांचा किणकिणाट ऐकू येत असतो. ओट्यावर बसलेल्यांनी या वर्षी दोनदा अर्ज केला आहे की शनिवारचे दोन तास तरी सभागृह त्यांना मिळावे. समितीने अद्याप उत्तर दिलेले नाही.