यजमान कोण, अतिथी कोण?

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांच्या सभागृहांत एक संहिता न चुकता सादर होते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, प्रास्ताविक, नव्या अध्यापकांचा परिचय, सत्कार, अध्यक्षीय समारोप आणि आभार, हा तिचा क्रम ठरलेला आहे. अनुदानित पदावर आलेल्यास शाल-श्रीफळ मिळते, तासिका तत्त्वावर आलेल्यास गुलाबपुष्प. दोघांनाही उद्देशून वाक्य मात्र एकच उच्चारले जाते : ‘आजपासून आपण या कुटुंबाचे सदस्य आहात.’ पुढे छायाचित्र निघते, ते वार्षिक अहवालात आणि तेथून ‘नॅक’च्या संचिकेत जाते. स्वागताचे कार्य तेथे संपते.

या संहितेकडे मराठीच्या अभ्यासकांनी आजवर संहिता म्हणून पाहिलेले नाही. कथनमीमांसा, चिन्हमीमांसा, सत्ता आणि ज्ञान यांचे संबंध या विषयांवर चर्चासत्रे भरविणारे मराठीचे विभाग स्वतःच्या सभागृहातील भाषाव्यवहाराला चिकित्सेबाहेर ठेवतात. ही उपेक्षा निरागस नाही. स्वागताची चिकित्सा केली, तर यजमानपदाचीही करावी लागेल, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

मुळात ‘स्वागत’ या शब्दाची घडणच बोलकी आहे. सु अधिक आगत : येणाऱ्याचे येणे चांगले झाले, एवढेच तो सांगतो. ज्याच्या दारी कोणी आले त्याने काय करावे, याविषयी हा शब्द मौन पाळतो. जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि 1962 मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत काही उच्चारणे ही विधाने नसून कृती असतात, हे दाखवून दिले. अशी उच्चारणे खरी किंवा खोटी नसतात. ती सफल किंवा निष्फळ ठरतात, आणि त्यांची सफलता उच्चारामागील परिस्थितीवर अवलंबून असते. ‘आपण या कुटुंबाचे सदस्य आहात’ हे उच्चारण सफल व्हायचे, तर सदस्यत्वाची किमान लक्षणे उच्चारानंतर अस्तित्वात यावी लागतात : बसायला टेबल, ग्रंथालयातून पुस्तक नेण्याचा अधिकार, विभागाच्या बैठकीत मत, अध्यापनासाठी आपल्या अभ्यासविषयाची अभ्यासपत्रिका. यांपैकी काहीच अस्तित्वात येत नसेल, तर कृती घडलेली नसते. घडतो तो तिचा अभिनय.

कुटुंबाचे रूपकही तपासून पाहिले पाहिजे. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणून हाक मारण्याची रीत आहे. परक्याला नात्याच्या शब्दाने जवळ घेणारी ही हाक सुंदर आहे. परंतु तिच्या पाठोपाठ येणारा प्रश्न असतो, ‘कुठलं गाव? कुणाचं तुम्ही?’ गाव, आडनाव आणि भावकी कळल्यावाचून पाहुण्याला कोठे बसवायचे, हे ठरत नाही. अध्यापक-कक्षात हाच प्रश्न नवे रूप घेतो : ‘कुणाचे उमेदवार?’ कोणत्या गटाचे, कोणत्या मार्गदर्शकाचे, बिंदुनामावलीतील कोणत्या प्रवर्गाचे? अर्हता तपासण्याचे काम निवड समितीने केलेले असते. कक्ष तपासतो ती कूळकथा. नव्याने आलेल्या अध्यापिकेच्या बाबतीत तर हा प्रश्नही पुष्कळदा विचारला जात नाही. तिच्याकडे सूत्रसंचालन, रांगोळी आणि स्नेहसंमेलनाची समिती जाते, आणि कुटुंबातील तिचे स्थान न सांगता निश्चित होते.

जाक देरिदा यांनी आतिथ्यावरील आपल्या 1996 च्या व्याख्यानांत यजमानाच्या प्रश्नाविषयीच विचार मांडला होता. परक्याला त्याचे नाव यजमानाच्या भाषेत विचारले जाते, तेथेच आतिथ्याची अट सुरू होते, असा त्यांचा रोख आहे. मराठी वाचकाला त्यासाठी पॅरिसपर्यंत जाण्याची गरज नाही. बाबुराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत नव्या नोकरीवर रुजू झालेल्या तरुणाचे, तो कवी आहे म्हणून, प्रेमाने स्वागत होते. जात उघड होताच त्याच हातांकडून त्याला मार बसतो. स्वागत त्या माणसाचे कधी नव्हतेच. ते एका गृहीतकाचे होते, हे ही कथा दाखविते. ती अभ्यासक्रमात नेमणाऱ्या किती विभागांनी तिचा प्रकाश स्वतःच्या कक्षावर पाडून पाहिला आहे?

याहून उद्बोधक आहे तो ‘अतिथी’ हा शब्द. तात्पुरत्या अध्यापकाला ‘अतिथी व्याख्याता’ म्हणण्यात सौजन्य आहे, असा समज रूढ आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, ही लोकप्रिय व्युत्पत्ती या समजाला पोषक ठरते. परंतु मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील व्याख्या वेगळी आहे. एक रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी, आणि त्याचे राहणे नित्य नाही म्हणून त्याला अतिथी म्हणावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे त्याच प्रकरणात, वैश्य वा शूद्र अतिथीसारखे घरी आले, तर त्यांना दयाबुद्धीने नोकरांबरोबर जेवू घालावे, अशी सोय केली आहे. अनित्यता आणि दया ही या संकल्पनेची दोन मूळ अंगे होत. ज्या कोणी ‘अतिथी व्याख्याता’ हे नाव योजले, त्याच्याकडून नकळत अचूक शब्द योजला गेला. जूनमध्ये मुलाखत, एका सत्रापुरता किंवा वर्षापुरता आदेश, उन्हाळ्यात समाप्ती, पुन्हा जूनमध्ये मुलाखत, असे वर्षानुवर्षे फिरणाऱ्या अध्यापकाच्या जगण्यात तिथीखेरीज दुसरे काही नसते. तो अतिथी आहे तो केवळ अनित्यतेच्या अर्थाने.

नियमांची भाषाही पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे बजावले. आयोगाच्याच 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनी अतिथी अध्यापकाचे मानधन एका व्याख्यानास 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये ठरविले. अपवाद म्हणून जे मान्य केले, ते प्रत्यक्षात अनेक विभागांचा आधारस्तंभ होऊन बसले आहे. मराठीचा पदव्युत्तर वर्ग ज्याच्या खांद्यावर चालतो, त्याला ‘पाहुणा’ म्हणायचे आणि जो महिन्यातून चार तास घेतो, त्याला ‘घरचा’ म्हणायचे, हा शब्दार्थांचा विपर्यास भाषेच्या अभ्यासकांना तरी खुपायला हवा होता.

आयोगाने 2019 मध्येच ‘गुरुदक्षता’ या नावाने नवनियुक्त अध्यापकांसाठी महिनाभराच्या प्रवेश-प्रशिक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पूर्वीचे उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग आणि 2023 पासूनचा मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम यांची दिशाही तीच आहे. या सर्व उपक्रमांचे गृहीतक असे की, शिकायचे आहे ते नवागताने. संस्थेची मूल्ये, मूल्यमापनाच्या पद्धती, तंत्रज्ञान, वर्तन हे सारे त्याने आत्मसात करावे. विभागप्रमुखासाठी, ज्येष्ठ सहकाऱ्यांसाठी, संस्थाचालकांसाठी यजमानपदाचा एक दिवसाचाही वर्ग नाही. नवागताने जुळवून घ्यायचे आणि यजमानाने तो जुळला की नाही, हे पाहायचे. अशा एकतर्फी व्यवहाराला स्वागत म्हणता येत नाही. त्याला परिवीक्षा हा प्रशासकीय शब्द आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयातील पहिल्या कादंबरीचे नाव ‘बिढार’ (1975) असावे, हा योगायोग नव्हे. गावोगावच्या महाविद्यालयांतून फिरणाऱ्या प्राध्यापकाचे ते बिऱ्हाड होते. चांगदेव पाटील याला नोकरी सोडता येत होती आणि दुसरीकडे मिळतही होती, इतपत त्याचा काळ उदार होता. आजच्या तासिका-अध्यापकाचे बिऱ्हाड पाठीवरच असते, परंतु मुक्कामाला गाव नसते. सकाळी एका तालुक्यात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात, मध्ये एस. टी. ची वाट. हा चांगदेव अजून कादंबरीत पुरता आलेला नाही. कारण तो लिहिण्याच्या वयात अर्ज लिहीत असतो.

या भूमीला यजमानपणाची दुसरी परंपरा नाही, असे नाही. 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तेथे चालविलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. तेथे ‘कुटुंब’ हे रूपक नव्हते. त्याची किंमत यजमानाने मोजली होती. आज अनुदानित पदासाठी येणाऱ्यालाच किंमत मोजावी लागते, हे शिक्षणक्षेत्रातील उघड गुपित मानले जाते. पाहुण्याने पैसे मोजावेत आणि यजमानाने त्यातून शाल आणावी, असा व्यवहार जेथे होत असेल, तेथे भाऊरावांच्या प्रतिमेला हार घालण्याचा अधिकार कोणाला पोचतो?

सांगलीचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1919 मध्ये सुरू केलेल्या विलिंग्डन महाविद्यालयात वि. कृ. गोकाक यांच्यासारखा कन्नड कवी प्राचार्य होता आणि रं. श्री. मुगळी यांच्यासारखा कन्नड साहित्येतिहासकार अध्यापन करीत होता. मराठी मुलखातील एका विद्यालयाने शेजारच्या भाषेला व्यासपीठावर फुले दिली नाहीत. तिला वर्ग दिला, पद दिले, निर्णयाचा अधिकार दिला. भाषेच्या सीमेवरून पुढे जे कडवट राजकारण झाले, त्याच्या पार्श्वभूमीवर हे यजमानपण अधिकच उठून दिसते.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, समारंभ हा निरुपद्रवी शिष्टाचार आहे आणि त्याला एवढे तात्त्विक ओझे लादणे अन्यायाचे आहे. परंतु शिष्टाचार निरुपद्रवी असतो तो समानांमध्ये. विषम नात्यात तो विषमतेला गोडवा देतो आणि तक्रारीचा शब्द आधीच हिरावून घेतो. ज्याला ‘घरचा’ म्हटले, त्याने वेतनाविषयी विचारणे हे घरात हिशेब मागण्यासारखे अशोभनीय ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पदे शासन मंजूर करते, अनुदान शासन देते, त्यात विभागप्रमुखाचा दोष काय? पदाच्या बाबतीत हे खरे आहे आणि त्याचे उत्तर शासनाकडूनच घेतले पाहिजे. परंतु टेबल, ग्रंथालय, वेळापत्रक, अभ्यासपत्रिकेची निवड, फलकावरील नाव आणि बैठकीतील मत यांसाठी मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. जे हातात आहे तेही न देणाऱ्याने जे हातात नाही त्याची ढाल करू नये. तिसरा आक्षेप असा की, हा सेवाशर्तींचा प्रश्न आहे, समीक्षेचा नव्हे.

हा तिसरा आक्षेपच मराठी समीक्षेला सर्वांत महाग पडला आहे. मराठीतील समीक्षा मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयीन अध्यापक लिहितात. सांगलीत इंग्रजीचे अध्यापन करीत म. द. हातकणंगलेकर यांनी मराठी समीक्षेत आपले स्थान निर्माण केले. जिल्ह्याच्या गावी राहून स्वतंत्र मत बाळगता येते, याची ती साक्ष आहे. परंतु त्यासाठी पायाखालची जमीन स्थिर असावी लागते. ज्याचा पुढील वर्षाचा आदेश विभागप्रमुखाच्या शिफारशीवर अवलंबून आहे, तो त्या प्रमुखाच्या ग्रंथाचे परीक्षण कसे लिहील? ज्याच्या प्रबंधाचा परीक्षक उद्या निवड समितीत बसणार आहे, त्याच्या सिद्धान्ताशी तो मतभेद कसा नोंदवील? गौरवग्रंथांचे पेव, प्रस्तावनांतील अतिशयोक्ती, चर्चासत्रांतील एकमत आणि ‘मौलिक’ या विशेषणाचा सुकाळ यांची कारणे केवळ अभिरुचीच्या ऱ्हासात शोधू नयेत. ती नेमणुकीच्या आदेशावरील दिनांकांत आहेत. अनित्य अध्यापकाकडून नित्य मूल्यांची समीक्षा अपेक्षिणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा होय.

मग विद्याक्षेत्राला साजेसे स्वागत कोणते? नवागताचा प्रबंध विभागातील प्रत्येकाने वाचावा. पहिल्या महिन्यात त्यावर खुली चर्चा ठेवावी आणि तीत ज्येष्ठांनी त्याचे प्रतिपादन कठोरपणे तपासावे. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाने आपला ग्रंथ तसाच टेबलावर ठेवावा आणि पहिला पूर्वपक्ष नवागताने मांडावा. त्या मांडणीचा परिणाम त्याच्या पुढील आदेशावर होणार नाही, एवढी हमी लेखी असावी. पूर्वपक्ष मांडण्याचा अधिकार ज्याला मिळतो, तोच विद्येच्या घरात घरचा होतो. वाद घालण्याजोगा मानणे हाच विद्वानाने विद्वानाला दिलेला सर्वोच्च मान आहे, आणि त्याला खर्च एका श्रीफळापेक्षाही कमी येतो.

तो येत्या जूनमध्ये कोणत्या विभागाला परवडेल, यावरून त्या विभागात कोण यजमान आहे आणि कोण केवळ खुर्चीचा भाडेकरू आहे, याचा निर्णय करता येईल.