पटावरची लढाई आणि मृतांची वही

दिवाळीच्या सुटीनंतर वसतिगृहात परतणाऱ्या मुलांच्या पेट्यांत फराळाच्या डब्याबरोबर एखादी तरी नियमबाह्य वस्तू असतेच. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाच्या पेटीत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेले मातीचे सतरा मावळे निघाले. आईवडील ऊसतोडणीला गेले, घराला कुलूप लागले, अंगणातला किल्ला तसाच मागे राहिला. म्हणून सैनिक तेवढे त्याने सोबत आणले होते. अधीक्षकांनी ते जप्त न करता त्याला माझ्याकडे, इतिहासाच्या शिक्षकाकडे, धाडले. त्याने मला विचारले, “सर, किल्ला झाला, मावळे मांडले, पण मग पुढं काय करायचं?”

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुले दगडमातीचे किल्ले रचतात, त्यांवर हळीव-मोहरी पेरतात आणि बुरुजावर पहारेकरी उभे करतात. तो पहारेकरी मात्र जागचा हलत नाही. तो हलू लागला, त्याने किती हलावे याला माप आले आणि त्याच्या नशिबाला फासा आला, की जगभर ज्याला लघुसैनिकांचा युद्धखेळ म्हणतात त्याचा आरंभ होतो. हत्ती, घोडे, रथ, पायदळ पटावर मांडणारे चतुरंग आपल्याच भूमीतले. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या लष्करातील राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने अधिकाऱ्यांना युद्ध शिकविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांसाठी घरगुती नियम दिले. आज परदेशात बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक विकत घेऊन बारीक कुंचल्याने रंगविणारे हजारो हौशी लोक आहेत. तो छंद खर्चिक आहे. आमच्या मुलाजवळ होते सतरा मावळे, कंपासपेटीतली पट्टी आणि सापशिडीचे दोन फासे. तेवढ्यावर भागले.

पहिली लढाई कोणती, हे ठरवायला दूर जावे लागले नाही. कर्जतच्या शेजारी जामखेड तालुक्यात खर्डा आहे. चौथाईच्या थकबाकीवरून ११ मार्च १७९५ रोजी तेथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. रात्री निजामाच्या फौजेत गोंधळ माजला, ती खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयाला गेली आणि कोंडीत सापडून निजामाला तह करावा लागला. टेबलावर गोणपाट अंथरून आम्ही टेकड्या केल्या. पायदळाला एका डावात दहा सेंटीमीटर, घोडदळाला वीस, तोफेचा पल्ला चाळीस. वेढ्यातल्या पक्षाला चिंचोके दिले. चिंचोका म्हणजे पाणी, दर डावाला एक कमी. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या मुलांना हा नियम समजावून सांगावा लागला नाही.

अडचण निराळीच आली. निजामाकडून खेळायला कोणी तयार होईना. तेव्हा नियम केला की दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या. काल ज्याने वेढा घातला त्याने आज चिंचोके मोजायचे. शत्रूच्या जागी बसून विचार करण्याचा असा सराव पाठ्यपुस्तकातून मला कधी देता आला नव्हता.

या खेळास विरोध झाला आणि तो आदराने नोंदविला पाहिजे. एका ज्येष्ठ पालकांनी विचारले, “तथागतांच्या विचारावर चाललेल्या संस्थेत लढाईचा खेळ कशाला?” त्यांच्या म्हणण्यास आधार आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात आठ आणि दहा घरांच्या पटांवरील खेळ वर्ज्य मानले आहेत आणि लुटुपुटूच्या लढाया पाहणेही. ते नियम भिक्खूंसाठी होते, एवढे सांगून मला सुटका करून घ्यावयाची नाही. युद्धाची चटक लागू शकते, ही भीती खरी आहे. परंतु आपण मुलांची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेतो, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. तेथे मुले पोलादावर हात ठेवून छायाचित्रे काढतात; आत बसलेल्या माणसाचे काय झाले असेल, हे क्वचितच विचारतात. युद्ध मुलांपर्यंत पोहोचतेच, चित्रपटांतून, मोबाइलवरून, मिरवणुकांतून. ते कोणत्या रूपात पोहोचावे, एवढेच आपल्या हाती आहे.

म्हणून त्या पालकांच्या आक्षेपातून आम्ही आणखी दोन नियम घेतले. डॉ. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धास सिद्ध होतात. सिद्धार्थ सुचवितो की, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा. आमचा प्रत्येक खेळ आता या पाचांच्या बैठकीने सुरू होतो. तह झाला तर फासे पेटीतच राहतात. पहिल्या वर्षी तह झाला की मुले हिरमुसत. आता चांगला तह घडविणाऱ्या मुलाची वर्गात चर्चा होते.

दुसरा नियम वहीचा. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भेट दिलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. नावे होती म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती माणसे कोणाची होती, हे समाजाला ओळखता आले. आमच्या प्रत्येक मातीच्या सैनिकाला नाव आणि गाव आहे. तो पडला की खेळ थांबतो आणि वहीत नोंद होते. मिरजगावचा अमुक, राशीनचा तमुक. एकदा त्या सतरा मावळ्यांच्या धन्याने हातची जिंकलेली लढाई सोडून सैन्य मागे घेतले. विचारले तर म्हणाला, “वहीत आज लई नावं झाली.”

लढाईचा खेळ मुलाला क्रूर करतो की शहाणा, हे खेळाच्या नियमांवर अवलंबून आहे आणि नियम करणारे आपण आहोत, असे माझे मत आहे. वेल्स यांनीही त्या पुस्तकाच्या अखेरीस खऱ्या युद्धाच्या मूर्खपणाकडे बोट दाखविले होते. पुढच्याच वर्षी युरोप महायुद्धात उतरला. खेळाने युद्धे थांबत नाहीत. पण ज्याने पडलेल्यांची नावे स्वतःच्या हाताने लिहिली, तो मोठेपणी युद्धाच्या आरोळीत सहज सामील होणार नाही, अशी आशा धरण्यास जागा आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ग्रंथालयाच्या खोलीत खेळासाठी एक मोठे टेबल हवे आहे; जुने चालेल. पालकांनी दिवाळीचा किल्ला मोडताना मावळे फेकून देऊ नयेत, मुलांच्या पेटीत घालून पाठवावेत. अधीक्षक ते जप्त करीत नाहीत.